‘नेहमीचं द्या’ याचंही पेटंट असतं का हो?



गेल्या महिन्यातल्या रविवारच्या कार्यशाळेत, जेवणाच्या सुट्टीनंतर, एका ताईंनी हात वर केला. इंदिरानगरला डबे करतात. दहा डब्यांपासून सुरुवात केली, आता सत्तरच्या पुढे गेल्यात. फोन आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेता घेता हात दुखायला लागले म्हणून एका मुलाकडून छोटंसं ॲप बनवून घेतलंय. त्यात एक बटण आहे, ‘उद्याही हेच’. गिऱ्हाइकाने एकदा दाबलं की उद्याचा डबा त्याच पत्त्यावर, तेवढ्याच पोळ्या, तेवढंच तिखट. पुन्हा काही विचारायचं नाही.

एका एजंटने त्यांना सांगितलं होतं, “ताई, आयडिया भारी आहे, पेटंट करून टाका, नाहीतर उद्या कुणीतरी ढापेल. पंचावन्न हजारात करून देतो.” त्या मला विचारत होत्या, “सर, भरू का पैसे? मोठ्या भट्टीसाठी बाजूला ठेवलेत, पण आधी हे करावं असं वाटतंय.”

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून अंबडचा एक मुलगा उठला. तो मेडिकल दुकानांसाठी ॲप बनवतोय. म्हणाला, “सर, माझं उलटं आहे. माझ्या ॲपमध्ये असंच बटण आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्येही आहे. त्यांनी पेटंट घेतलेलं असलं तर माझ्यावर केस होईल का? त्या भीतीने तीन महिने काम बंद ठेवलंय.”

बघा, एकीला कुलूप लावायचंय आणि दुसरा कुलपाला घाबरून दारातच उभा आहे. दोघांचा प्रश्न एकच, की सॉफ्टवेअरमधल्या युक्तीवर पेटंट हवं का, आणि असलं तर काय होतं? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कायद्याची भाषा बाजूला ठेवू आणि आपल्या रोजच्या उदाहरणांनी बघू.

आधी मिसळ: तीन वेगळी कुलपं

नाशकात मिसळीशिवाय काही समजावता येत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

समजा तुमचा मिसळीचा गाडा आहे. तुमच्याकडे जपण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे गाड्यावरची पाटी. नाव, चिन्ह, रंग. हे झालं ट्रेडमार्क. दुसऱ्याने तुमच्या नावाने गाडा लावला तर तुम्ही त्याला थांबवू शकता. पण मिसळ विकण्यापासून थांबवू शकत नाही.

दुसरी म्हणजे तुम्ही लिहिलेलं पाककृतीचं पुस्तक. हे झालं कॉपीराइट. तुमचा मजकूर कुणी जसाच्या तसा छापला तर ती चोरी. पण पुस्तक वाचून कुणी घरी मिसळ केली, किंवा स्वतःच्या शब्दांत वेगळं पुस्तक लिहिलं, तर ती चोरी नाही.

तिसरं कुलूप म्हणजे पेटंट. समजा कुणीतरी लिहून दिलं, ‘मोड आलेल्या कडधान्याच्या उसळीवर तिखट रस्सा ओतून, वर कोरडा कुरकुरीत पदार्थ घालून, पावासोबत वाढण्याची पद्धत’, आणि सरकारने शिक्का मारला. आता तुमचा काळा मसाला वेगळा असू दे, सोबत पापड-दही द्या नाहीतर जिलेबी द्या, काही फरक पडत नाही. पद्धत त्याची. वीस वर्षं त्याची परवानगी घ्या, पैसे भरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ऐका. तुम्ही त्याचं नावही ऐकलेलं नसेल, आजीकडून शिकून स्वतःच्या डोक्याने मिसळ केली असेल, तरी तुम्ही पेटंटचा भंग केलाच. ‘मी नक्कल केली नाही’ हा कॉपीराइटमध्ये बचाव होतो, पेटंटमध्ये होत नाही.

प्रत्यक्षात मिसळीवर असं पेटंट मिळणार नाही, हे फक्त समजण्यापुरतं. पण विचार करा, मिळालं असतं तर काय झालं असतं? रविवारी सकाळी शहराबाहेरच्या मळ्यांमध्ये मिसळ खायला गाड्यांच्या रांगा लागतात. एवढ्या जागा उभ्या राहिल्या, कारण प्रत्येकाने आधीच्याचं बघून त्यात स्वतःचं काहीतरी घातलं. एकाच्या हातात किल्ली असती तर नाशकात एकच मिसळ असती, आणि ती सुधारायची त्याला काही घाईही नसती.

सॉफ्टवेअरमध्ये कॉपीराइट आपोआप मिळतो. तुमचा कोड कुणी उचलला तर तुमचा हक्क आहेच. सॉफ्टवेअर पेटंट मात्र कोडवर नसतं, कोडमागच्या पद्धतीवर असतं. पुस्तकावर नाही, मिसळ करण्यावरच.

‘नेहमीचं द्या’

आता तुम्ही म्हणाल, सर, असल्या साध्या गोष्टीवर पेटंट कोण देतं? देतात. अमेरिकेत दिलं.

माझ्या दुकानात रोज सकाळी एक काका येतात. काउंटरपाशी थांबतही नाहीत. “नेहमीचं द्या” म्हणतात आणि पुढे जातात. मला माहीत असतं, दोन दूध पिशव्या, एक ब्रेड, घरी पोचवायचं, वहीत मांडायचं. नाव विचारत नाही, पत्ता विचारत नाही, पैसे मागत नाही. हे माझे वडील करायचे, तुमच्या गल्लीतला दुकानदारही करतो.

अमेझॉनने १९९७ साली अमेरिकेत अर्ज केला. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्डाची माहिती आधीच साठवलेली असेल, तर एका क्लिकमध्ये ऑर्डर पूर्ण करायची, ही पद्धत. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पुढच्याच महिन्यात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर दावा ठोकला. डिसेंबरात, म्हणजे नाताळच्या खरेदीच्या ऐन हंगामात, कोर्टाने बार्न्स अँड नोबलला ती सोय वापरायला तात्पुरती मनाई केली. त्यांनी काय केलं? गिऱ्हाइकाला मुद्दाम आणखी एक क्लिक करायला लावलं. म्हणजे मला कुणीतरी सांगायचं, काकांनी ‘नेहमीचं द्या’ म्हटलं तरी तू ‘नक्की ना?’ असं विचारल्याशिवाय दूध द्यायचं नाही!

वरच्या कोर्टाने २००१ साली ती मनाई उठवली, पण तोवर हंगाम गेला होता. ॲपलने २००० सालीच पैसे मोजून परवानगी घेऊन टाकली. युरोपच्या पेटंट कार्यालयाने हे पेटंट दिलं नाही. अमेरिकेत ते २०१७ पर्यंत चाललं.

गंमत म्हणजे अमेझॉनलाही याच चुलीचे चटके बसले. ऑनलाइन दुकानात वस्तू एकेक करून ‘टोपलीत’ टाकायच्या आणि शेवटी एकदम पैसे द्यायचे, त्यावर दुसऱ्या एका कंपनीची पेटंटं होती. अमेझॉनने २००५ मध्ये चार कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. न्यूएग नावाची कंपनी मात्र लढत राहिली. खालच्या कोर्टात हरली, वरच्या कोर्टात गेली, आणि २०१३ मध्ये ती पेटंटं त्या कोर्टाने रद्दबातल ठरवली. इतकी वर्षं अनेकांनी पैसे भरले ते ‘टोपलीत टाका’ यासाठी.

सातबारा असतो, तसा इथे नसतो

एजंट लोक पेटंटला ‘बुद्धीची जमीन’ म्हणतात. ठीक आहे, जमीन म्हणून बघू.

तुम्ही दिंडोरीला प्लॉट घ्यायला निघालात तर काय करता? सातबारा काढता, गट नंबर बघता, मोजणी करून घेता. बांध कुठे आहे ते दिसतं. बांधाच्या अलीकडे विहीर खणली तर शेजारी काही म्हणू शकत नाही.

आता समजा सातबाऱ्यावर असं लिहिलंय, ‘नदीच्या बाजूची, पाणी लागणारी, पिकाऊ जमीन’. कुठली नदी? कुठली बाजू? गोदावरी म्हणायची की दारणा? सॉफ्टवेअर पेटंटची भाषा बऱ्याचदा अशी असते. ‘वापरकर्त्याच्या एका कृतीला प्रतिसाद म्हणून साठवलेल्या माहितीच्या आधारे विनंती पाठवण्याची पद्धत.’ यात तुमचं बटण बसतं का? वकील म्हणेल, कोर्टात गेल्यावर कळेल.

त्यात आणखी एक गोम. पेटंटचा अर्ज केला की साधारण अठरा महिने तो प्रसिद्धच होत नाही. म्हणजे आज तुम्ही सगळे सातबारे तपासले, विहीर खणली, मोटर बसवली, आणि दीड वर्षाने कुणीतरी येऊन म्हणतो, ‘ही जागा माझी, माझा अर्ज तुमच्या आधीचा.’ दोष कुणाचा? तुम्ही तर सगळं तपासलं होतं.

मशीनमध्ये हा त्रास कमी असतो. कांदा प्रतवारीचं मशीन घ्या. लोखंड, पट्टा, चाळणी, मोटर. नवीन काय आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. सॉफ्टवेअरमध्ये बोट ठेवायला जागाच नसते.

लग्नाचं कंत्राट

माझ्या मते खरी अडचण ही आहे, आणि ती समजली की बाकी सगळं समजतं.

तुम्ही लग्नाचं कंत्राट घेता असं समजा. पाच लाखांचं काम. एका लग्नात किती छोट्या पद्धती असतात मोजा. वऱ्हाडाचं स्वागत, अत्तर, अंतरपाट धरणं, अक्षता वाटणं, मंगलाष्टकांनंतर वाजंत्री, पंगत, आग्रहाचा घास, विहीण पंगत, रुखवत मांडणं. आरामात साठ निघतील.

आता प्रत्येकाचा मालक वेगळा. अंतरपाटवाला म्हणतो, ‘मी काही जास्त मागत नाही, फक्त दोन टक्के.’ अक्षतावालाही दोनच टक्के मागतो. रुखवतवालाही दोनच. कुणाचीच मागणी अवास्तव वाटत नाही. पण साठ जणांचे दोन-दोन टक्के म्हणजे एकशे वीस टक्के. पाच लाखांच्या कामावर सहा लाख देणं. मंडप, जेवण, मजुरी अजून बाजूलाच.

यंत्रात किंवा औषधात कल्पना मोजक्या असतात आणि एकेकीवर खर्च प्रचंड. एका औषधासाठी वर्षानुवर्षं चाचण्या लागतात, मग वीस वर्षांचं संरक्षण मागण्यात काही अर्थ आहे. सॉफ्टवेअर मात्र लग्नासारखं असतं. साधं बिलिंगचं ॲप उघडा. लॉगिन, ओटीपी, शोधा, यादी खाली सरकवा, बिल जोडा, आठवण पाठवा. हजारो छोट्या युक्त्या एकमेकांत गुंफलेल्या असतात आणि त्यातली एकेक एका दुपारी सुचलेली असते. त्या प्रत्येकीला वीस वर्षं कुलूप लावलं तर नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची? आणि वीस वर्षं म्हणजे किती, ते बघा. २००५ साली तुमच्या हातात कुठला फोन होता ते आठवा.

मोठ्या कंपन्या यातून मार्ग काढतात. तुझी पेटंटं मी वापरतो, माझी तू वापर, असा सौदा करतात. दोन मोठ्या घराण्यांनी एकमेकांकडे आहेर घ्यायचा नाही असं ठरवावं तसं. आपल्यासारख्याकडे द्यायला काही नसतं. म्हणून पेटंट लहानाला मोठ्यापासून वाचवतं, हे ऐकायला बरं वाटतं, पण सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा उलटंच होतं. ताईंनी पेटंट मिळवलं असं क्षणभर धरू. समोरच्या कंपनीकडे हजार असतील तर ती म्हणेल, ‘तुमचं एक बटण आमचं आहे म्हणता, ठीक. आता तुमची उरलेली पन्नास बटणं आमची.’

हळदीची लढाई कुणी लढली?

‘सर, चुकीचं पेटंट असेल तर रद्द करता येतं ना?’ येतं. आपल्या मातीतली गोष्ट सांगतो.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर! खरचटलं की हळद दाबायची, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं होतं? त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, आधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला फेरतपासणी करायला लावली. नुसतं ‘आमच्या आजीला माहीत होतं’ म्हणून चाललं नाही. लेखी पुरावा लागला. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ, भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा लेख, असे ३२ संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

हळद काही सॉफ्टवेअर नाही, मान्य. पण या गोष्टीतून दोन धडे मिळतात.

पहिला धडा. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तपासनीसाच्या टेबलावर कागदात नसेल, तर ती ‘नवीन’ ठरू शकते. सॉफ्टवेअरमधल्या युक्त्या कोण लिहून ठेवतं? दुकानातल्या ‘नेहमीचं द्या’ वर कुणी शोधनिबंध लिहिला होता?

दुसरा धडा. ती लढाई देशाच्या सर्वांत मोठ्या संशोधन संस्थेने लढली. तुमच्या-माझ्यामागे कोण उभं राहणार?

अमेरिकेत हे छोट्या दुकानदारांनी भोगलंय. एमपीएचजे नावाच्या कंपनीने कागद स्कॅन करून ईमेलने पाठवण्याबद्दलची पेटंटं विकत घेतली आणि सोळा हजारांहून जास्त छोट्या व्यवसायांना पत्रं धाडली. म्हणणं असं, की तुमच्या ऑफिसात हे वापरता, माणशी हजार-बाराशे डॉलर द्या, नाहीतर दावा करू. स्कॅनर बनवणाऱ्याला नाही, वापरणाऱ्याला! म्हणजे तुम्ही दुकानातून रीतसर बिल घेऊन मिक्सर आणायचा, आणि चटणी वाटण्याबद्दल कुणीतरी तुमच्याकडे पैसे मागायचे. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये कारवाई केली, कारण दाव्याच्या धमक्या पोकळ होत्या. पण असं पत्र हातात पडलेल्या माणसाचा विचार करा. वकिलाला लाख रुपये द्यायचे की पत्रवाल्याला पन्नास हजार देऊन मोकळं व्हायचं? बरेच जण दुसरा मार्ग धरतात.

आता आपला कायदा

अंबडच्या दादा, हा भाग तुझ्यासाठी.

भारताच्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या कायद्यात, कलम ३ मध्ये कशाला शोध मानायचं नाही याची यादी आहे. त्यातलं ३(के) लक्षात ठेव. गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. २००२ च्या दुरुस्तीने हे शब्द आले आणि मे २००३ पासून लागू झाले.

हे कलम सहज टिकलेलं नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून दार किलकिलं केलं होतं, की उद्योगात तांत्रिक उपयोग असलेलं किंवा हार्डवेअरसोबत असलेलं सॉफ्टवेअर चालेल. २००५ मध्ये संसदेने तो बदल वगळला आणि जुने शब्द कायम ठेवले. मग ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने तपासनीसांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातून मागच्या दाराने सॉफ्टवेअर पेटंट येतील, अशी हरकत स्टार्टअपवाल्यांच्या आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संघटनांनी घेतली. डिसेंबरात त्या सूचना थांबवल्या गेल्या आणि पुढे बदलल्या.

बाहेरही वारं असंच फिरलं. युरोपच्या संसदेने जुलै २००५ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की जुनीच अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती शोध होत नाही. म्हणजे वहीतलं ‘नेहमीचं’ ॲपमध्ये घातलं म्हणून ते नवीन होत नाही.

पण पूर्ण मोकळं रानही समजू नका. ‘निव्वळ’ या शब्दाला वजन आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात म्हटलं, की शोधातून खरा तांत्रिक परिणाम साधत असेल तर केवळ संगणक प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज झिडकारू नये. उदाहरण द्यायचं तर निफाडच्या एखाद्याने कांदा चाळीत सेन्सर लावून, सडायला लागलेला ढीग आधी ओळखून, पंखे आपोआप चालू करणारं उपकरण बनवलं, तर त्याने पेटंटसाठी सल्ला घेणं शहाणपणाचं आहे. आणि तुम्ही ॲप अमेरिकेत विकणार असाल तर तिथे तिथला कायदा लागतो, ३(के) विमानात बसून सोबत येत नाही.

“पण सर, मेहनत माझी आणि मजा दुसऱ्याची?”

ताईंनी हेच विचारलं होतं, आणि प्रश्न खरा आहे. त्यांनी पहाटे चारला उठून धंदा उभा केलाय. कुणी फुकटात उचललं तर पोटात दुखणारच.

मी त्यांना विचारलं, “ताई, लोक तुमच्याकडे डबा का लावतात? बटणामुळे?” त्या हसल्या. म्हणाल्या, “नाही, माझी भाजी रोज वेगळी असते आणि डबा साडेबाराला पोचतो म्हणून.” मग बटण उद्या सगळ्यांकडे आलं तरी साडेबाराला पोचवणार कोण? ते कुणाला ढापता येत नाही.

उदाहरणांची मर्यादाही सांगतो. मिसळ, लग्न, सातबारा हे समजण्यासाठी आहेत, कोर्टात मांडण्यासाठी नाहीत. काही सॉफ्टवेअरमागे खरोखर अनेक वर्षांचं संशोधन असतं, ते एका दुपारचं काम नसतं. अशांना काहीतरी संरक्षण हवं, असं म्हणणारी माणसं खोटी नाहीत. पण त्यासाठी सगळ्या छोट्या युक्त्यांभोवती कुंपण घातलं तर पहिला तोटा आपल्यासारख्यांचा, हे माझं मत मी बदललेलं नाही.

मग पैसे कुठे घालायचे?

ताईंना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. वहीत लिहून घ्या.

एक, एजंटला विचारा, “पेटंट देणार की अर्ज करून देणार?” व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. बरेचदा ‘प्रोव्हिजनल’ अर्ज भरून त्याचा नंबर हातात देतात आणि लोक तो फ्रेम करून लावतात. तो नंबर म्हणजे पेटंट नाही. बारा महिन्यांत पूर्ण तपशील भरला नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. चांगला पेटंट वकील मसुदा लिहायचे पैसे घेतो, ते रास्त आहेत. पण तो आधी ३(के) बद्दल बोलेल. जो त्याचं नावच काढत नाही त्याच्यापासून लांब राहा. आणि पेटंट नसताना ‘पेटंटेड’ छापू नका, त्याला कायद्यात दंड आहे.

दोन, नाव नोंदवा. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. जेवण पुरवण्याच्या सेवेचा वर्ग ४३. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं.

तीन, आणि इथे ताईंचा चेहरा उतरला. मी विचारलं, “ॲप बनवणाऱ्या मुलाशी लेखी करार आहे?” नव्हता. मंडळी, बाहेरच्या माणसाकडून कोड लिहून घेतला आणि लेखी हस्तांतरण नसेल, तर तुम्ही पूर्ण पैसे दिलेत तरी कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याचाच राहतो. तोंडी चालत नाही, हस्तांतरण लेखीच हवं. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणजे ताई परक्या चोराला अडवायला पंचावन्न हजार भरणार होत्या, आणि घराची चावी आधीच दुसऱ्याच्या खिशात होती. तो मुलगा चांगला आहे, चोर नाही. पण उद्या त्याने हाच कोड दुसऱ्या डबेवाल्याला दिला तर ताई काय दाखवणार?

चार, जे दाखवायचं नाही ते दाखवू नका. गिऱ्हाइकांची यादी, मसाल्याचं प्रमाण, पुरवठादाराचा भाव. कामावरच्या माणसांकडून गुप्ततेचं साधं पत्र सही करून घ्या.

पाच, आपली युक्ती तारखेसह लिहून, प्रसिद्ध करून ठेवा. ब्लॉगवर, व्हिडिओत, कुठेही. म्हणजे नंतर कुणी तीच युक्ती आपली म्हणून पेटंट मागायला गेला तर तुमच्याकडे हळदीसारखा लेखी पुरावा असेल. फक्त खरोखर पेटंट घ्यायचं उपकरण असेल तर उलट करा. आधी अर्ज भरा, मग बोला.

परवा ताईंचा फोन आला होता. त्या मुलाने एक चकार शब्द न काढता करारावर सही केली. वकिलाने मसुद्याचे अडीच हजार घेतले. ट्रेडमार्कचा अर्ज गेलाय. उरलेल्या पैशांत भट्टीचा ॲडव्हान्स दिलाय. अंबडच्या दादाने काम परत सुरू केलंय, पुढच्या महिन्यात पंचवटीतल्या चार मेडिकलमध्ये चाचणी आहे.

तुमच्या ॲपचा कोड नक्की कुणाच्या नावावर आहे, हे आज संध्याकाळी कागद काढून तपासा. कागद नसेल तर उद्या सकाळी पहिला फोन डेव्हलपरला करा. भेटू पुढच्या व्हिडिओत.